इतिहास कशासाठी शिकावयाचा ?

इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या लढायांची व सनावळीची जंत्री, अशी आमच्या शेतकरी व बलुतेदार बंधूंच्या घरोघर समजूत होऊन बसली आहे. मागे एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन शाळेत आले व म्हणाले, "गुरुजी, मेल्या राजांच्या गोष्टी शिकून पोराच्या पोटाला काय मिळायचं? त्याला हिशेब शिकवा." त्यांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हे. ज्याच्या घरी उद्याच्या पेरणीची चिंता, त्याने असे विचारावे हे रास्तच आहे. आम्ही एवढेच म्हटले, "आबा, इतिहास हाही हिशेबच. मागच्या पिढ्यांचा." त्या हिशेबाचे एक पान आज वाचकांपुढे मांडतो. ते दूरदेशचे नाही, आपल्या बारामती-इंदापूरचेच आहे.

इंदापूर म्हटले की मालोजीराजे आणि सुपे म्हटले की शहाजीराजांची जहागीर, हे आमच्या वर्गातील पोरे चटकन सांगतात. परंतु १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात काय घडले, असे विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही. कारण उघड आहे. त्या दिवशी तेथे कोणी राजा नव्हता. तेथे आमचेच खापरपणजे होते.

सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. त्या दिवशी भोवतालच्या गावचे लोक जमले व त्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. तेथून हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसावर गावांत पसरले. ९५१ लोकांस पकड झाली, त्यांपैकी ५०१ लोकांस शिक्षा झाल्या. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. त्या चौकशीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. लोकांना पाहिजे होते ते कागद ! कर्जरोखे, खते, कोर्टाचे हुकूमनामे. जेथे सावकाराने ते काढून दिले, तेथे बहुधा त्याच्या अंगास कोणी हात लावला नाही. कागद मिळाले की ते जाळले वा फाडले जात.

आता विचारी माणसाने येथे थांबून पुसावे की, कष्टाळू व पापभीरू कुणब्यावर ही पाळी का आली? इतिहासाचा खरा अभ्यास येथून सुरू होतो. 'काय झाले' हे गोष्ट सांगणाराही सांगतो. 'का झाले' हे शोधावे लागते.

पहिले कारण सरकारी साऱ्याचे. इंग्रजी राज्याच्या आरंभी प्रिंगल साहेबाने जी मोजणी व आकारणी केली, तिच्या ओझ्याने शेते ओस पडली व कुळे मुलूख सोडून गेली. मग गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीचा मगदूर पाहून नवी आकारणी केली, ती १८३६ साली प्रथम आपल्या इंदापूर तालुक्यात लागू झाली. आकार उतरला, तीस वर्षांची हमी मिळाली, आणि पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. परंतु तीस वर्षे संपताच फेरआकारणी आली आणि सारा मोठ्या प्रमाणात चढला. ज्या तालुक्यात हलक्या साऱ्याचे फळ दिसले, त्याच तालुक्यापासून तो धडा विसरण्यास सुरुवात झाली. राज्यकर्तेही इतिहास विसरतात. फरक इतकाच की, त्यांच्या विसरण्याचा भुर्दंड रयतेस पडतो.

दुसरे कारण बाजारभावाचे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस विलायतेस जाईना, म्हणून आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. पैसा खेळू लागला, सावकार मागेल तितके देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मात्र उभेच राहिले. ज्या लढाईचे नावही आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हते, तिने त्यांची चूल विझविली.

तिसरे कारण सर्वांत बोधप्रद आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने, नोंदणी न झालेल्या रोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू असा की, जुने कर्ज माणसाच्या मानगुटीस जन्मभर बसू नये. घडले उलटेच. मुदत भरत आली की सावकार दावा लावण्याचा धाक घालून नवा रोखा लिहून घेई, आणि थकलेले व्याज मुद्दल होऊन बसे. कुळाला अक्षर येत नव्हते. रोख्यात काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. तो नांगराची निशाणी करी आणि घरी जाई.

येथे आम्हांस आपल्याच लोकांस एक कटू गोष्ट सांगावयाची आहे. त्या दंग्यात मार बसला तो मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांस. ज्या गावी ब्राह्मण वा इतर जातींचे सावकार तोच धंदा करीत होते, तेथेही बहुधा मारवाड्यासच लोकांनी गाठले, असे चौकशीत दिसून आले. मग राग सावकारीवर होता की परक्या माणसावर? रोखा दोघांचाही गळफासच होता. पैकी एक सुटला, कारण तो 'आपला' होता. जातीकडे बोट दाखविले की रीत नजरेआड होते, व ज्याला ती रीत चालू ठेवावयाची आहे त्याचे आयतेच फावते. तेव्हा सुप्याची हकीकत पराक्रम म्हणूनही सांगू नये व गुंडगिरी म्हणूनही सांगू नये. ती आपली फजिती व आपले दुःख म्हणून सांगावी.

कागद जळाल्याने कर्ज जळाले काय? पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला, कर्जापायी कुळाला तुरुंगात घालणे बंद झाले, पावती देणे भाग पडले. हा लाभ लहान नव्हे. पण सावकाराने गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ती काढली, आणि वाचता न येणाऱ्याने तेथेही निशाणी केली. कायदा आला तरी अक्षर आले नव्हते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कुणब्याच्या दैन्याचे मूळ त्यांनी अविद्येत दाखविले, ते उगाच नव्हे.

कोणी म्हणेल, ते दिवस गेले. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, सोसायट्या आल्या. खरे आहे. परंतु आमच्याकडे अजूनही माणसे कागद वाचून घेण्यास येतात, ते सही करून झाल्यावर ! असाच एक शिकलेला बाप आमच्यापुढे बसला होता. नातेवाइकाच्या कर्जास त्याने जामीन म्हणून सही केली होती. जामिनाची अट मात्र त्याला नोटीस आल्यावर कळली. त्याची सही मोठी वळणदार होती. आम्हांस मेल्याहून मेल्यासारखे झाले, कारण ती कोण्या मास्तरानेच त्यास शिकविली होती. अंगठा गेला, सही आली. वाचणे अजून यावयाचे आहे. आता तर मोबाईलवर बोट टेकविले की कर्ज मिळते, म्हणजे अंगठा परत आला म्हणावयाचा.

म्हणून आमची विनंती अशी. घरातील जुने खत, पावत्या, सातबारे ट्रंकेत कुजू न देता एका सुट्टीच्या दिवशी पोरांस पुढ्यात बसवून वाचावयास लावा. ही जमीन कोणी, केव्हा, कशापायी गहाण टाकली आणि कशी सोडविली, हे पोरीबाळींसही सांगा. एकाच पिकाच्या चढत्या भावावर कर्ज काढताना १८६५ साल आठवा. वाचल्यावाचून सही करू नका. वाचता येत नसेल तर उद्या करतो म्हणा. आणि गावात नव्या आलेल्या कोण्या परक्याकडे बोट दाखवून कोणी तुम्हांस चिथवू लागला, तर आधी त्याला विचारा, वही कोणाची आणि व्याज किती?

सुप्याच्या बाजारी आमच्या पूर्वजांनी कागद जाळले, कारण ते त्यांना वाचता येत नव्हते. आम्हांस वाचता येतात. ते न वाचताच आम्ही बुडालो, तर पुढच्या पिढीने दोष कोणास द्यावयाचा?