राणी चौकात, स्वार टेकडीवर

नागपूरच्या झाशी राणी चौकात लक्ष्मीबाईंचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. आता तिथल्या मेट्रो स्थानकालाही राणीचेच नाव आहे. आम्हाला त्याचा अभिमान वाटतो, कारण ती राणी आमचीही आहे. १८५८ मध्ये झाशीच्या तोफांवर लढताना गुलाम गौस खान आणि खुदाबक्ष शहीद झाले. त्यांची कबर झाशीच्या किल्ल्यातच आहे.

मग तक्रार कशाची? या चौकाजवळच सीताबर्डीचा किल्ला आहे. डलहौसीने वारस नाकारून झाशी खालसा केली, तसेच भोसल्यांचे नागपूरही खालसा केले. दुखणे एकच होते. जून १८५७ मध्ये टाकळीच्या छावणीतील घोडदळाने उठावाचा बेत आखला. बेत फुटला. दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादर अली फासावर गेले. यांचीही लढाई तीच होती. राणी चौकात आली, तिचे हे नागपुरी सोबती मात्र विस्मृतीच्या टेकडीवरच राहिले.

आमच्याकडे उठसूट देशनिष्ठेचे प्रमाणपत्र मागणाऱ्यांना आम्ही विचारतो : ही नावे तुम्ही कधी ऐकली होती काय? शाळेच्या पुस्तकात ती का नाहीत?

पण एक बोट त्यांच्याकडे दाखवताना चार बोटे आमच्याकडे वळतात. कबर दिसली की आम्ही चादर चढवतो, मन्नत मागतो. आत कोण झोपला आहे हे विचारत नाही. शहिदाचा आम्ही बाबा करून टाकतो. लष्कराच्या ताब्यातला हा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सर्वांसाठी उघडतो. मोमिनपुऱ्यातून किती बाप मुलांचे बोट धरून तिथे जातात?

आम्हाला दुसरा घोडा नको, पुतळ्याला पुतळा असली स्पर्धा तर मुळीच नको. मूर्ती उभारणे आमच्या परंपरेतही बसत नाही. राणीच्या चबुतऱ्यापाशी एक साधा दगड हवा. त्यावर १८५७ मध्ये फासावर गेलेल्या नागपूरकरांची नावे हवीत, तीही मराठीत. कारण ज्या मातीसाठी ते मेले, तिची भाषा आमचीही भाषा आहे.

महापालिकेने तो दगड बसवावा. तोवर ही नावे आम्ही निदान आमच्या मुलांना तरी पाठ करून द्यावीत. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.