चार वाजताचा थंड चहा

नागपूरचा उन्हाळा काय असतो हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी एवढेच सांगते, की २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हाळ्यात आमच्या सदरमध्ये भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. घरोघरी दारे-खिडक्या लावलेल्या आणि कूलर सुरू. पण घरातली एक खोली या कूलरच्या हिशेबात कोणी धरत नाही. ती म्हणजे आपले स्वयंपाकघर! तिथे कूलरचा वारा पोचत नाही, आणि गॅसची ज्योत विझते म्हणून पंखाही लावता येत नाही. अशा खोलीत चार वाजता आपण चहाचे आधण ठेवून उभ्या असतो.

गेल्या वर्षीची एप्रिलअखेरची गोष्ट. मी पेपर तपासायला शाळेत गेले होते. इकडे घरी अमरावतीचे पाहुणे आले. सासूबाईंनी सगळ्यांचा चहा केला. तो होतो न होतो तोच शेजारचे काका-काकू आले, म्हणून पुन्हा आधण ठेवले. मी घरी पोचले तर सासूबाई ओट्याला टेकून जमिनीवर बसलेल्या. चेहरा लालबुंद, डोळ्यांपुढे अंधारी. त्यांना बैठकीत कूलरसमोर निजवले, ओल्या फडक्याने अंग पुसले, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत घोट घोट पाजले. तासाभराने त्यांना हुशारी वाटली. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "दुपारी यांना गॅसपुढे उभे राहू देऊ नका."

आता दुपारी गॅस पेटवायचा नाही, पण आल्यागेल्याला चहा तर हवाच! तेव्हा मला बर्फ घातलेला थंड चहा आठवला. सासूबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, गार चहा पाहुण्यापुढे ठेवतात का? लोक म्हणतील, ही काय करून राहिली!" त्यांचेही खोटे नव्हते. आपल्याकडे गार चहा म्हणजे विसरलेला, साय धरलेला चहा. पण चहा गार होऊन जाणे वेगळे आणि मुद्दाम थंड करणे वेगळे, हे त्यांना पटवायला मला आठ दिवस लागले.

हा प्रकार काही कालपरवाचा नाही. अमेरिकेत १८७९ साली छापलेल्या पाककृतींच्या एका पुस्तकात थंड चहाची कृती आहे. पुढे १९०४ साली सेंट लुई शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ भारतीय चहाचा प्रचार करायला गेले होते. उन्हाळ्यामुळे गरम चहा कोणी घेईना, म्हणून त्यांनी तो बर्फ घालून दिला आणि लोकांनी उचलून धरला, असे सांगतात. म्हणजे थंड चहाचे नाव गाजले ते आपल्याच चहामुळे. अमेरिकेच्या दक्षिण भागात तर गोड थंड चहा जेवणाबरोबर रोजचाच असतो.

आता कृती. पाच-सहा ग्लासांसाठी अर्धा लिटर पाणी गंजात (पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनो, म्हणजे पातेल्यात) उकळावे. गॅस बंद करून त्यात पाच लहान चमचे लांब पत्तीचा चहा घालावा आणि वर झाकण ठेवावे. आवडत असल्यास गवती चहाच्या दोन पाती आधीच पाण्यात टाकाव्यात. चार-पाच मिनिटांनी गाळून घ्यावे. गाळणीतली पत्ती चमच्याने दाबू नये, चहा कडवट होतो. गरम असतानाच आठ लहान चमचे साखर घालून पूर्ण विरघळू द्यावी. साखर थंड चहातही विरघळते, पण फार हळू, आणि मग ती तळाशी बसून राहते. आता अर्धा लिटर प्यायचे पाणी मिसळावे. चहा ओट्यावरच निववावा आणि मग झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. देताना ग्लासात बर्फाचे दोन खडे, लिंबाची चकती किंवा अर्धा चमचा रस आणि पुदिन्याची दोन पाने. दूध मात्र अजिबात नको, लिंबाने ते फाटेल.

पहिल्या दिवशी माझा चहा गढूळ झाला. घाईने गरम पातेले फ्रिजमध्ये ठेवले होते ना! चहातले कॅफिन आणि तुरट द्रव्ये थंडीने एकत्र येतात, त्यामुळे असे होते. चव फारशी बिघडत नाही, अपायही नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायला बरे दिसत नाही. आधी निववून मग थंड केला की गढूळपणा कमी होतो. तरीही झालाच, तर थोडे कढत पाणी मिसळावे. रोजची बारीक दाणेदार पत्ती फार कडक उतरते आणि लवकर गढुळते, म्हणून या चहासाठी लांब पत्तीचे लहान पाकीट वेगळे ठेवावे.

मार्च-एप्रिलमध्ये मृग बहाराची संत्री मिळतात. लिंबाऐवजी संत्र्याचा रस घातला तर फारच छान! पण रस देण्याच्या वेळीच काढावा आणि बिया चिरडू नयेत. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडू होत जातो.

काही गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी लागतो, त्यामुळे हात सैल सुटतो. साखर मोजूनच घालावी. तयार पावडरीच्या पाकिटावरची यादीही वाचून पाहा. बहुतेकांत पहिले नाव साखरेचे असते, आणि जे सर्वांत जास्त तेच पहिले लिहितात. बर्फ घरच्या प्यायच्या पाण्याचाच करावा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे, तरी पांढरा दिसला म्हणून हातगाडीवरचा बर्फ घरी आणू नये. काचेची बरणी उन्हात ठेवून चहा करण्याचीही एक रीत आहे. आमच्याकडे ऊन फुकट म्हणून मलाही मोह झाला होता. पण उन्हात पाणी उकळत नाही, नुसते कोमट राहते आणि त्यात जंतू वाढतात. तेव्हा ते नकोच. केलेला चहा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा.

आणखी एक. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. आपल्यापैकी कितीजणींना रक्त कमी असल्याचे डॉक्टर सांगतात! म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. लहान मुलांना पन्हे किंवा ताकच द्यावे. आणि हा चहा हौसेचा आहे, उन्हावरचे औषध नव्हे. ऊन लागले तर पाणी, ताक, मीठ-साखरेचे सरबत हवे. अंग तापून माणूस बरळू लागला, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठावा.

आता आमच्याकडे सकाळी सातला, पोळ्यांच्या आधीच, चहा होऊन निवत असतो. अमरावतीच्या पाहुण्यांनी परवा दोन-दोन ग्लास घेतले. "ही आमच्या सूनबाईची रीत," असे सासूबाईंनीच त्यांना सांगितले. ते गरम चहा मागतील तर काय, ही धास्ती मला होती. पण नाही मागितला कोणी!

चार वाजता आता आम्ही दोघी बैठकीत कूलरसमोर बसून चहा पितो. चारचौघांबरोबर बसून चहा प्यायला मिळाला त्याला किती वर्षे झाली, असे त्या परवा म्हणाल्या. तुमच्या घरी चार वाजता ओट्यापाशी कोण उभे असते, पाहा बरे. आणि उद्या सकाळीच थंड चहा करून ठेवा.