गर्द रंगावरचें सोनें

गेल्या श्रावणांत आमच्या तीर्थरूपांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. निमंत्रणपत्रिका चार घरांपेक्षां निराळी असावी असें घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें पडलें; म्हणून गर्द जांभळ्या रंगावर सोनेरी अक्षरें, असा बेत ठरला. आम्ही नवी मुंबईस राहतों. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतींत छापखान्यांची वाण नाहीं. संगणकाच्या पडद्यावर पाहिलेला नमुना झळझळीत होता. हातीं आलेल्या पत्रिका मात्र न घासलेल्या पितळेच्या भांड्यासारख्या! समारंभ तोंडावर आला होता, तशाच वांटल्या.

तीर्थरूपांचे एक शाळासोबती, वयानें तेवढेच, पुण्याहून यावयाचे होते. त्यांनीं तारखेचा ११ हा आंकडा १९ असा वाचला. वार तर जांभळ्यांत बुडालाच होता. १९ तारखेस भर दुपारीं ते हातीं नारळ घेऊन दारांत उभे राहिले. तीर्थरूपांनीं त्यांस आपल्या शेजारीं बसवून जेऊं घातलें. आम्हांकडे एकदां पाहिलें. बोलले कांहीं नाहींत. त्यानंतर आम्ही या विषयाची जी चौकशी केली, ती वाचकांपुढें ठेवितों.

सोनेरी शाईंत सोनें नसतें. तांबें व जस्त यांच्या मिश्रणाचे अतिसूक्ष्म चपटे कण तींत असतात. रुपेरी शाईंत ॲल्युमिनियमचे. शाई सुकतांना हे कण माशाच्या खवल्यांप्रमाणें पृष्ठभागावर आडवे पसरले, म्हणजे चकाकी येते. परंतु ऑफसेट यंत्रावर शाईचा थर केसाच्या जाडीचा विसावा हिस्साहि नसतो. कणांमधील फटींतून खालचा रंग डोकावतो. खालीं पांढरा कागद असला तर बिघडत नाहीं. गर्द रंग असला तर सोनें काळवंडतें. खालची शाई ओली असल्यास कण नीट पसरत नाहींत. तींत मेण अधिक असल्यास वरची शाई धरत नाहीं व बोटानेंहि पुसली जाते. त्यांतून खाडीकांठची श्रावणांतील दमट हवा. शाई सुकावयास वेळ लागतो, आणि तो आम्हीं मुद्रकास दिलाच नव्हता.

जुने मुद्रक हें जाणून होते. ते प्रथम चिकट वार्निशानें अक्षर छापीत, त्यावर ब्राँझची भुकटी कापसानें फिरवीत व जास्तीची झाडून टाकीत. कण वरच राहात, म्हणून अक्षर उजळ उठे. मात्र ती धूळ कामगारांच्या छातींत जाई. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला. तेथील चित्रांत एकेका रंगास निराळा दगड असे, व एकावर एक रंग धीरानें चढवीत. घाईचें हें काम नव्हे.

मग करावें काय? एक, अक्षरांपुरती जागा जांभळ्यांतून कोरी सोडावी आणि सोनेरी अक्षर कडेस किंचित् चढवून छापावें. मात्र अक्षरें ठळक हवींत, नाहीं तर मात्रा व अनुस्वार बुजतात. दुसरें, खालीं प्रथम अपारदर्शक पांढरा थर द्यावा, तो वाळूं द्यावा, मग सोनेरी छापावें. तिसरें, कागदच गर्द असेल तर शाईचा नाद सोडून वर्खासारखी पातळ फॉइल तापलेल्या ठशानें दाबून बसवावी. खर्च अधिक, परंतु खालचा रंग डोकावत नाहीं. आणि कांहींहि केलें तरी पडद्यावर विसंबूं नये. त्याच कागदावर, त्याच शाईनें छापलेला एक नमुना मागावा व तो घरांतील सर्वांत वडील माणसाच्या हातीं, चष्म्यासह, द्यावा.

येत्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीचें लग्न आहे. पत्रिका पिवळसर कागदावर गर्द तांबड्या शाईनें छापावयाची ठरली आहे. सोनेरी केवळ माथ्यावरचा गणपति. पहिली प्रत कुलदेवतेपुढें ठेवावयाची, आणि दुसरी, तारीख अक्षरी लिहून, पुण्यास धाडावयाची आहे.