कॉरिडॉर नव्हे, छपरी

या आठवड्यात आणखी एक गुन्हेगारी वेब सीरिज पाहिली. नाव सांगत नाही, कारण नावानं फरक पडत नाही. पहिल्या भागाची दहा मिनिटं होत नाहीत तोच पोलीस ठाण्याचा तो कॉरिडॉर आला. अरुंद, लांबच लांब, हिरवट भिंती, टोकाला फडफडणारी ट्यूबलाइट. साहेब चालताहेत, कॅमेरा त्यांच्या पाठीला चिकटलेला, बुटांची टकटक आणि खालून तो घुमणारा ढोल. या ढोलाबद्दल मी इथं इतक्यांदा कुरकुर केली आहे की आता तुम्हालाच माझी कीव येत असेल. माझी पक्की शंका आहे की हा कॉरिडॉर देशात एकच असून मुंबईतल्या कुठल्याशा स्टुडिओत तासाच्या भाड्यानं मिळतो. गोष्ट दिल्लीची असो की गडचिरोलीची, ट्यूबलाइट तीच. पुरावा मागू नका, नाही माझ्याकडे.

या सीरिजमधलं गाव आपल्या विदर्भातलं आहे, असं सांगितलंय. म्हणजे एक हवालदार दर तीन वाक्यांनी ‘काहून’ म्हणतो. त्या ‘काहून’वर मागे लिहून झालंय, आज तो विषय नको. आज भिंतींबद्दल बोलू.

आपल्याकडच्या जुन्या ठाण्याला कॉरिडॉर नसतो, छपरी म्हणजे व्हरांडा असतो. पुढं एक, मागं एक. पुढच्या छपरीत एक बाक असतो आणि ठाण्यातला सगळा ताण त्या बाकावर बसलेला असतो. ठाणेदार राउंडला गेलेले असतात. अंमलदार वर न बघता लिहीत असतो. आत कोणाला तरी बोलावतात, दार लोटलं जातं आणि बाकावरची माणसं दाराकडे बघत राहतात. इथं कोणी चालत नाही. भीती असते ती बसून राहण्याची. पडद्यावर मात्र ताण चालणाऱ्याचा, कारण कॅमेरा साहेबाचा. बाकावरची म्हातारी त्याच्या चौकटीत एक सेकंद येते, धूसर.

हे मी उगीच म्हणत नाही. पोलीस ठाण्यातल्या ताणाचा सगळ्यात भयंकर प्रसंग आपल्याच विदर्भात घडलेला आहे आणि तो कोणा पटकथाकारानं लिहिलेला नाही. २६ मार्च १९७२, देसाईगंज, म्हणजे आपली वडसा. तेव्हा ती चंद्रपूर जिल्ह्यात होती. मुलगी आदिवासी, वय जेमतेम १४ ते १६. तिचं नाव त्या खटल्याला चिकटून जगभर गेलं, मी ते लिहिणार नाही. भावाच्या तक्रारीवरून तिला आणि इतरांना रात्री ठाण्यात बोलावलं. जबाब झाले, साडेदहा वाजले, सगळे निघाले. तेवढ्यात दोन पोलिसांनी तिला थांबायला सांगितलं आणि बाकीच्यांना बाहेर काढलं.

इथून पुढे कॅमेरा कुठे ठेवाल? आपले दिग्दर्शक आत नेतील, ढोल वाजवतील. पण सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात फिर्यादी पक्षाची जी हकीकत आहे ती वाचा. तिच्यातला ताण बाहेर उभ्या माणसांचा आहे. ठाण्याचे दिवे मालवलेले. पुढचं दार आतून बंद. ही माणसं वळसा घालून मागे जातात, तर तिथं काळोख. मुलगी जिच्या घरी कामाला जायची ती बाई तिला हाक मारते. उत्तर नाही. लोक गोळा होतात. मग मागच्या बाजूनं एक पोलीस बाहेर येतो आणि सांगतो, ती तर केव्हाच गेली. तो निघून जातो. थोड्या वेळानं मुलगी त्याच अंधारातून बाहेर येते. बुटांची टकटक नाही, ट्यूबलाइट नाही. नुसतं बंद दार आणि हाक.

आणि बलात्काराचा आरोप आहे ती जागा कोणती? मागची छपरी. सुप्रीम कोर्टाच्या इंग्रजी निकालपत्रात हा आपला शब्द जसाच्या तसा आहे. व्हरांडा म्हणून वापरली जाणारी छपरी, असं समजावून सांगावं लागलं, पण शब्द बदलला नाही. आता रील्सवाल्या पोरांनी ‘छपरी’ची शिवी करून टाकली आहे. त्यांना काय बोलणार!

पुढं चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात ते दोघे पोलीस सुटले. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, म्हणजे प्रतिकार नाही, असा तर्क. बाहेरच्या बाईनं मारलेल्या हाकेची हकीकत मात्र त्याच कागदावर आहे. पुढं १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला.

त्याच वर्षी ‘अर्धसत्य’ आला. निहलानींचा सिनेमा, तेंडुलकरांची पटकथा. त्यातलं ठाणं आजही खरं वाटतं, कारण ते कामाची जागा वाटतं, भुताची हवेली नाही.

गंमत अशी की ठाण्यात कॅमेरा कुठे हवा, हे सीरिजवाल्यांपेक्षा सुप्रीम कोर्टाला जास्त कळलं. २ डिसेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठानं प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आदेश दिला आणि जागा मोजून सांगितल्या. आत यायची-जायची सगळी दारं, कोठडी, कॉरिडॉर, व्हरांडा, ठाण्याची मागची बाजू. चित्रण १८ महिने जपून ठेवायचं. ती यादी वाचताना मला वडसाच आठवली. व्हरांडा आणि मागची बाजू यादीत यायला ४८ वर्षं लागली.

तेव्हा सीरिजवाल्यांनो, पुढच्या वेळी विदर्भात याल तर तो भाड्याचा कॉरिडॉर तिकडेच ठेवून या. एक छपरी शोधा, बाकावर कॅमेरा ठेवा आणि दार लोटल्यावर तो हलवू नका. ढोलाचे पैसेही वाचतील.