उन्हाचा हिशोब

सोलापूरहून निघालेली गाडी होटगी जंक्शनवर आली की रुळांना फाटा फुटतो. एक मार्ग विजापूर-गदगकडे, दुसरा वाडीकडे जातो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात या परिसरावर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच गोळा होते. अशा ठिकाणी चेहऱ्याला कोणते मलम कोणत्या क्रमाने लावावे याची चर्चा कित्येकांना चैनीची वाटेल. परंतु ही चर्चा आता मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांपुरती उरलेली नाही. होटगीहून सोलापूरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या पिशवीतही सनस्क्रीनची नळी असू शकते, आणि ती नळी घरखर्चाच्या पैशातूनच आलेली असते. तेव्हा या खर्चातून पदरात काय पडते, हे तपासून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम त्या नळीवरील आकड्यांविषयी. ‘एसपीएफ’ हा आकडा त्वचा भाजविणाऱ्या किरणांपुरता असतो. नियमाप्रमाणे लावल्यास १५ आकड्याचे मलम अशा किरणांपैकी सुमारे ९३ टक्के, ३० चे सुमारे ९७ टक्के आणि ५० चे सुमारे ९८ टक्के अडविते. १५ वरून ३० वर गेल्यास चार टक्क्यांची भर पडते. ३० वरून ५० वर गेल्यास अवघ्या एका टक्क्याची. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त शिकविण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. दुसरा गैरसमज बेरजेचा. खाली १५ चे क्रीम व वर ३० चे मलम लावले म्हणजे ४५ चे संरक्षण मिळते, असे नाही. क्रमाचे सूत्र साधे आहे: चेहरा धुवावा, कोरडेपणा घालविणारे क्रीम लावावे, त्यानंतर सनस्क्रीन आणि पावडर वा इतर प्रसाधन सर्वांत शेवटी. क्रीम आणि सनस्क्रीन तळहातावर एकत्र कालवून लावले तर थर पातळ होतो व आकडा वेष्टनावरच राहतो.

खरी मेख प्रमाणात आहे. हे आकडे प्रयोगशाळेत ठरविताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावतात. त्या हिशोबाने चेहऱ्यालाच एका वेळी सुमारे एक ग्रॅम लागते. मान धरल्यास अधिक. उन्हात वावर असेल तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावयाचे, घामाने निथळल्यास त्याआधीच. म्हणजे दिवसातून तीन वेळा लावणाऱ्याची ५० ग्रॅमची नळी फार तर पंधरा-सोळा दिवस पुरेल. अशी नळी साधारण तीन-चारशे रुपयांना पडते. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात केंद्राच्या रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. चेहरा, मान, हात आणि पावले दिवसभर उघडी असणाऱ्या मजुराने हा खर्च करावा, असे सुचविणेही क्रूर थट्टा होईल. नोकरदार घरांतून ही नळी तीन-तीन महिने पुरविली जाते. ती काटकसर नव्हे. संरक्षणाचा नुसता भास आहे.

शिवाय बाजार जे विकतो ते संरक्षणच असते असे नाही. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये बदलले, पण गोरेपणाची आस नाव बदलल्याने थोडीच संपते? ऊन टाळावयाचे ते काळे पडू नये म्हणून, हा भाव जाहिरातींतून आजही डोकावतो. सावळ्या त्वचेला निसर्गाने काही संरक्षण दिले आहे हे खरे. तरीही गालावरील वांग उन्हाने गडद होतो, आणि डोळ्यांतील मोतीबिंदूलाही हे किरण हातभार लावतात. मोतीबिंदूवर चेहऱ्याचे मलम कसलाही उपाय नाही. उष्माघातावर तर नाहीच.

मग थरच मोजावयाचे तर पहिला थर सावलीचा, दुसरा कापडाचा, आणि मलमाचा तिसरा. सोलापूरच्या मागावर विणलेला जाड टॉवेल डोक्या-मानेभोवती गुंडाळणारा गडी किंवा तोंडाला ओढणी बांधून दुचाकीवर निघालेली विद्यार्थिनी यांनी दुसरा थर केव्हाच पत्करलेला आहे. दाट विणीचे कापड घामाने धुऊन जात नाही आणि दोन तासांनी पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. (पांढरी टोपी मात्र, तिच्याविषयी कितीही आदर असला तरी, कान व मान उघडीच ठेवते.) जेथे कापड पोहोचत नाही तेथे, म्हणजे गाल, नाक व हाताचा मागचा भाग यांवर, मलम लावावे आणि पुरेसे लावावे.

पहिल्या थराची जबाबदारी मात्र व्यक्तीच्या पिशवीवर टाकता येत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विश्रांतीची सोय व मुलांसाठी सावली यांची तरतूद होती. सावली ही मागावयाची नव्हे, द्यावयाची वस्तू आहे हे शासनाने तेथे लिहून दिले होते. तोच न्याय शाळेच्या मैदानाला, एसटीच्या थांब्याला आणि बांधकामाच्या जागेला का लागू नये? उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते; मग खेळांचे सामने व कवायती दहा ते चारच्या दरम्यान का घेतल्या जातात?

करआकारणीतही हीच विसंगती दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छत्रीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे योग्यच झाले. टाल्कम आणि चेहऱ्याची पावडर १८ वरून ५ टक्क्यांवर आली. सनस्क्रीन मात्र १८ टक्क्यांतच राहिले. ऑस्ट्रेलियात उन्हापासून संरक्षण हाच मुख्य हेतू असलेल्या मलमाची गणना औषधी वस्तूंत होते व अमेरिकेत ते औषध मानले जाते. आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधन आहे. चेहरा उजळ दाखविणाऱ्या पावडरीला सवलत आणि तो भाजू न देणाऱ्या मलमाला नाही, या भेदाचे कारण अर्थखात्याने एकदा सांगावयास हवे.