लहान जखम हेच यश नव्हे

सुमारे ५,००० जन्मांमागे एका अर्भकाचे गुदद्वार जन्मतः बंद असते, किंवा मलाशय भलत्याच ठिकाणी उघडते. मुलग्यांत ते पुष्कळदा मूत्रमार्गाला जोडलेले असते. मुलींत योनिमुखापाशी उघडते. गर्भाच्या वाढीच्या आरंभीच्या आठवड्यांत आतड्याचा शेवटचा भाग आणि मूत्रमार्ग यांची रचना नीट न झाल्याने हे व्यंग उद्भवते. ग्रहणात काही चिरल्याचा दोष मातेच्या माथी मारणे सर्वस्वी निराधार होय.

मलाशयाभोवतीचे स्नायू मळ रोखून धरतात. त्यांच्या नेमक्या मध्यातून आतडे खाली आणणे, हा या शस्त्रक्रियेतील मुख्य प्रश्न. १९८२ साली डी व्हरीस आणि पेन्या यांनी पाठीमागून मध्यरेषेवर छेद घेऊन, हे स्नायू उलगडून पुन्हा शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे २००० साली जॉर्जसन यांनी निराळा मार्ग मांडला. पोटावरील लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे घालावयाची, मूत्रमार्गाशी असलेला जोड सोडवावयाचा आणि स्नायू न चिरता आतडे त्यांच्या मध्यातून ओढून घ्यावयाचे.

मलाशय मूत्राशयाच्या मुखाशी, म्हणजे फार वर, जोडलेले असेल तेथे ही पद्धत निःसंशय उपकारक आहे. पोटावरील मोठा छेद तिने टळतो. परंतु जोड खाली असेल तेथे दुर्बिणीने तो पुरता सोडविणे कठीण असते, आणि त्याचा अवशेष मूत्रमार्गाला चिकटून पुढे त्रास देऊ शकतो. शिवाय माकडहाडाची व तेथील मज्जातंतूंची वाढच अपुरी असेल, तर ती उणीव कोणतेही हत्यार भरून काढू शकत नाही. म्हणून पद्धत व्यंगाच्या प्रकारावरून ठरावी, नावीन्यावरून नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट शस्त्रक्रियागृहाबाहेर घडते. प्रत्येक नवजात अर्भकाचे गुदद्वार पहिल्याच दिवशी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. मळ बाहेर पडतो एवढ्यावरून ते जागेवर आहे असे समजू नये, कारण मुलींत तो दुसऱ्याच वाटेने येत असतो. या पाहणीला यंत्र लागत नाही, खर्चही येत नाही. ती चुकली तर फुगलेले आतडे फुटून बालकाचा जीव जाऊ शकतो. पुष्कळ बालकांच्या पोटावर आतड्याचे तात्पुरते तोंड काढावे लागते. त्यात लाज मानण्याजोगे काहीच नाही.

शस्त्रक्रियेनंतरही नवे द्वार आकसू नये म्हणून ते काही महिने नियमाने रुंद करावे लागते, आणि बद्धकोष्ठाकडे वर्षानुवर्षे लक्ष पुरवावे लागते. वण किती लहान, हा प्रश्न दुय्यम होय. ते मूल शाळेच्या बाकावर इतरांबरोबर निर्धास्तपणे बसू शकले, तरच शल्यविद्येचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.