हौद, तोट्या आणि आजीची गोळी

एका हौदाला दोन तोट्या आहेत. एक हौद भरते, दुसरी रिकामा करते. दोन्ही एकदम सोडल्या तर... हे गणित सोडवताना ‘असा खुळेपणा करतो तरी कोण?’ असे बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात येते. उत्तर सोपे आहे : आपले शरीर करते, आणि तेही अहोरात्र. हे गणित पाठ्यपुस्तकात राहावेच, पण त्यात हौदाच्या जागी म्हाताऱ्या माणसाचे मूत्रपिंड यावे, असे माझे मत आहे.

तरुण माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दर मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर द्रव रक्तातून गाळतात. दिवसाचा हिशेब १७० लिटरांच्या वर जातो. त्यातले जवळजवळ सगळे पाणी रक्तात परत घेतले जाते. दीड-दोन लिटर तेवढे मूत्र होऊन बाहेर पडते. पुष्कळशी औषधेही याच वाटेने जातात. चाळिशीनंतर बहुतेकांची ही क्षमता हळूहळू उतरते. डिगॉक्सिन हे हृदयविकारावरचे औषध घ्या. मूत्रपिंडे चांगली असली तर त्याचा निम्मा भाग दीड-दोन दिवसांत शरीरातून जातो. ती निकामी झाली असली तर त्यालाच चार-पाच दिवस लागतात. गोळी मात्र रोजची रोज पोटात जातेच.

‘पण आजीचा रिपोर्ट तर नॉर्मल आला!’ खरी मेख इथेच आहे. रिपोर्टात क्रिएटिनिन मोजलेले असते. हा स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. ती थकली की त्याची रक्तातली पातळी वाढावी, हा तर्क बरोबर आहे. परंतु म्हातारपणी स्नायूही झडतात, म्हणजे क्रिएटिनिन तयारच कमी होते. भरणारी तोटी बारीक झाली आणि रिकामी करणारीही बारीक झाली, तर हौदातली पातळी आहे तिथेच राहणार! नुसती पातळी पाहून तोट्यांची स्थिती कळत नाही.

कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या कॅनडातील दोन डॉक्टरांनी १९७६ साली यावर एक सूत्र दिले. १४० मधून वय वजा करा, त्याला किलोग्रॅममधील वजनाने गुणा आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. स्त्रियांसाठी आलेले उत्तर ०.८५ ने गुणा. आता २२ वर्षांचा, ६० किलोंचा नातू आणि ८० वर्षांची, ४२ किलोंची आजी घेऊ. दोघांचेही क्रिएटिनिन १, म्हणजे ‘नॉर्मल’. नातवाचे उत्तर येते मिनिटाला सुमारे ९८ मिलिलिटर, आजीचे जेमतेम ३०. याहून सुधारित सूत्रे आता निघाली आहेत आणि काही रिपोर्टांवर असा आकडा छापूनही येतो. माझे म्हणणे असे की साठीपुढच्या प्रत्येक रिपोर्टावर तो असलाच पाहिजे. नुसते ‘नॉर्मल’ छापणे म्हणजे अर्धवट सोडवलेले गणित.

आता दुसरी गोष्ट, दाबाची. मूत्रपिंडातली गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. त्यात रक्त आणणारी वाहिनी वेगळी, नेणारी वेगळी. गाळण्याचे काम या दोहोंमधल्या दाबावर चालते. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी आत आणणारी वाहिनी आकसू शकते. रक्तदाबावरच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशा गोळ्यांनी बाहेर नेणारी वाहिनी सैलावते. त्यात लघवी वाढवणारी तिसरी गोळी असली की रक्तातले पाणीच घटते. एकेक गोळी आपापल्या जागी ठीक असते. तिन्ही एकत्र आल्या की गाळणीतला दाब कोसळू शकतो. त्यातून आपल्या चोपड्याचा मे महिना! पारा ४५ अंशांकडे सरकत असतो, म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते आणि लघवीला उठावे लागते म्हणून ती पाणी आणखी तोडतात.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचे काय करू शकते, हे आपल्या देशाने गिधाडांत पाहिले आहे. १९९०च्या दशकात भरतपूरची गिधाडे घटत असल्याचे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी नोंदवले. हे औषध टोचलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस या बाबतीत गिधाडापेक्षा पुष्कळच चिवट आहे, म्हणून माणसांसाठी ते चालू आहे आणि योग्य जागी उपयोगीही आहे. पण दुकानात जाऊन ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणावे, आणि कोणासाठी, वय काय, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, यांतले काहीही न विचारता ती मिळावी, हे मला मुळीच पटत नाही.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते की नववीच्या मुलांना हा गृहपाठ द्यावा : घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी करायची, बाम-काढे-भस्मांसकट, त्यांचे वजन करायचे (आजीचे वजन बहुधा कोणी केलेलेच नसते), जुना रिपोर्ट असल्यास वरचे गणित मांडायचे आणि तो कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवायचा. उत्तर कमी आले म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. रक्तदाबाची तर नाहीच नाही. डोस किती कमी करायचा, की औषधच बदलायचे, ते डॉक्टर ठरवतील. त्यासाठी लागणारे वय, वजन आणि यादी मात्र घरातूनच जायला हवी.